हरवलेला शास्त्रज्ञ आणि न सापडलेला कण

२५ मार्च १९३८ च्या रात्री नेपल्सहून पालेर्मोला जाणारी टपालबोट सुटली. बोटीत होते एत्तोरे मायोराना. वय अवघे ३१, नेपल्स विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. निघण्यापूर्वी त्यांनी विभागप्रमुखांना निरोपाचे पत्र लिहिले होते. पालेर्मोहून मात्र काळजी करू नका अशी तार केली, परत येतोय म्हणून दुसरे पत्रही धाडले. पण माणूस काही परत आला नाही.

मायोराना मूळचे सिसिलीतल्या कातानियाचे, जन्म १९०६ चा. रोममध्ये इंजिनिअरिंग शिकताना ते एन्रिको फर्मींकडे गेले. फर्मींनी बरेच दिवस खपून आकड्यांचा एक तक्ता केला होता. मायोरानांनी तो पाहिला, घरी जाऊन स्वतःचा तक्ता मांडला, दुसऱ्या दिवशी दोन्ही ताडून पाहिले आणि फर्मींचे बरोबर आहे असा निर्वाळा दिला! मग इंजिनिअरिंग सोडून ते भौतिकशास्त्राकडे वळले.

सिगारेटच्या पाकिटावर गणित करायचे आणि पाकीट संपले की गणितासकट फेकून द्यायचे, अशी त्यांची तऱ्हा. छापायची घाई कधीच नाही. अणुकेंद्राबद्दलचे विचार लिहून काढा म्हणून फर्मी मागे लागले, तरी ते बधले नाहीत.

१९३७ साली त्यांनी एक निबंध छापला. इलेक्ट्रॉनचा प्रतिकण पॉझिट्रॉन, त्याचा भार उलटा. पण भारच नसेल तर कण आणि प्रतिकण एकच असू शकतो, असे त्यांनी गणिताने दाखवले.

तसा मूलभूत कण अजून सापडलेला नाही. मात्र अतिसंवाहकाला जोडलेल्या बारीक तारेच्या दोन टोकांवर तशाच गुणाची अवस्था तयार व्हावी, असे २००१ मध्ये किताएव यांनी मांडले. माहिती दोन टोकांत विभागून ठेवली, तर एका टोकाच्या गडबडीने ती बिघडणार नाही. म्हणून क्वांटम कॉम्प्युटरवाले तिच्यामागे लागलेत.

२०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत तसा संकेत दिसला. पण तारेतल्या साध्या दोषानेही तो दिसू शकतो, इथेच घोडे अडते. तिथल्याच गटाने २०१८ मध्ये भक्कम पुरावा म्हणून छापलेला निबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने मायोरानांच्याच नावाची चिप आणली, तिच्यावरही वाद सुरू आहे.

खुद्द मायोरानांचे काय झाले? १९५० च्या दशकात ते व्हेनेझुएलात जिवंत होते, असा निष्कर्ष रोमच्या सरकारी वकिलांनी २०१५ मध्ये काढला. आधार मुख्यतः एका जुन्या फोटोचा. तोही सगळ्यांना पटलेला नाही.