जेम्स औट्रम आणि सातपुड्यातील भिल्ल

मेहरूणहून पश्चिमेस सुमारे दहा कोसांवर धरणगाव आहे, आणि उत्तरेस तापी ओलांडून गेले की सातपुड्याच्या रांगा लागतात. ह्या मुलखातील आपल्या मंडळ्यांचे पुष्कळ सभासद भिल्ल बंधू आहेत, व आपल्या सुवार्तिकांचे पाय ज्या वाटा नित्य तुडवितात त्याच वाटांवरून दोनशे वर्षांपूर्वी एक तरुण इंग्रज अंमलदार घोड्यावरून हिंडत असे. तो मिशनरी नव्हता. तो कंपनी सरकारचा शिपाई होता, आणि कंपनीचे राज्य दृढ करणे हेच त्याचे काम होते. तथापि परक्या व भ्यालेल्या माणसाचे मन कशाने जिंकिले जाते हे त्याच्या चरित्रात स्पष्ट दिसते. म्हणून ते येथे थोडक्यात सांगतो.

जेम्स औट्रम ह्यांचा जन्म इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात २९ जानेवारी १८०३ रोजी झाला. त्यांचे वडील बेंजामिन औट्रम हे नामांकित इंजिनियर होते. परंतु मुलगा दोन वर्षांचा असतानाच, १८०५ मध्ये, ते वारले व कुटुंबावर गरिबी आली. आई मार्गारेट ही मानी व धीराची बाई होती. तिने मुलांस घेऊन स्कॉटलंडातील ॲबर्डीन शहरी बिऱ्हाड केले व काटकसरीने त्यांचे शिक्षण केले. जेम्सने धर्मोपदेशक व्हावे असा घरच्यांचा विचार होता, परंतु मुलाने तो साफ नाकारिला. पुस्तकापेक्षा मैदान त्यास प्रिय होते. अखेर १८१९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल झाला. त्या वेळी त्याची उंची पाच फुटांहून जेमतेम इंचभर अधिक होती, आणि प्रकृती नाजूक असल्यामुळे तापाने तो वारंवार आजारी पडे. अशा मुलाच्या हातून डोंगरात काय होणार, असे कोणासही वाटले असते.

आता त्या काळचा खानदेश कसा होता ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकर व शिंदे यांच्या फौजांची धामधूम, पेंढाऱ्यांची लूट आणि मागोमाग आलेला दुष्काळ ह्यांनी गावेच्या गावे उजाड झाली होती. घाटांची राखण करणारे व त्याबद्दल वंशपरंपरेने हक्क घेणारे भिल्ल नाईक त्या गोंधळात निराधार झाले. ज्यांनी वाटा राखावयाच्या तेच वाटा मारू लागले. पूर्वीच्या काळी भिल्लांस विश्वासाने बोलावून दगा दिल्याचे व निर्दयपणे मारिल्याचे प्रकारही घडले होते, ते त्यांच्या स्मरणातून गेले नव्हते. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे आला. त्यांनी प्रथम तरवारीचाच मार्ग धरिला. डोंगरात पलटणी पाठविल्या, पाडे जाळिले, पुढाऱ्यांस पकडिले. परंतु एक टोळी मोडली की दुसरी उभी राही, आणि सातपुड्याच्या हिवतापाने शिपाई पटापट मरत. सात वर्षे ही ओढाताण चालली.

तेव्हा मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेब ह्यांनी निराळा विचार केला. भिल्लांस क्षमा करावी, नाइकांस त्यांचे हक्क द्यावे, शेती करू इच्छिणाऱ्यांस जमीन, बैल व बियाणे ह्यांसाठी तगाई द्यावी, आणि तरुण भिल्लांची एक पलटण उभारून मुलखाची राखण त्यांच्याच हाती सोपवावी, असे ठरले. ही पलटण उभारण्याचे काम १८२५ मध्ये बावीस वर्षांच्या औट्रम साहेबांकडे आले. त्यांचे ठाणे धरणगाव येथे होते.

आरंभी त्यांनीही थोडे शिपाई बरोबर घेऊन एका टोळीवर छापा घातला व काही भिल्ल पकडिले, ही गोष्ट लपविण्यासारखी नाही. परंतु त्या कैद्यांच्या द्वारे त्यांनी नाइकांशी बोलणे सुरू केले, आणि मग जे केले ते आजवर कोणी केले नव्हते. शिपायांचा पहारा मागे ठेवून ते एकटे नाइकांबरोबर रानात गेले व त्यांच्या वस्तीत राहिले.

वाचकहो, हे काम केवढे कठीण होते, हे ज्यांनी सातपुड्यात मुक्काम केला आहे त्यांसच कळेल. उन्हाळ्यात नाले आटतात आणि एखाद्या डोहातच पाणी उरते. त्या पाण्यावर माणूस, घोडे व वाघ ह्या तिघांचाही हक्क असतो. घोड्याचा तळ जेथे पाणी व चारा असेल तेथेच द्यावा लागतो. आगाडी-पिछाडी बांधावी, तोबऱ्यात चंदी द्यावी, खोगिराखाली पाठ सोलली आहे की काय ते पाहावे, खुरात खडा रुतला असेल तर काढावा, आणि रात्रभर शेकोटी विझू देऊ नये. अंजन व सालईच्या रानात चढ इतका उभा व दगड इतका मोकळा की घोड्यास सोडून पायीच जावे लागते. मग साहेबाचा साहेबपणा कोठे राहिला? वाट त्यास भिल्लाने दाखवावी, पाण्याचा डोह भिल्लाने सांगावा, वाघाचा माग भिल्लाने काढावा. तंबूत राहून हुकूम सोडणारा तेथे एक दिवसही टिकता ना. ज्यास जगावयाचे त्यास भिल्लाचे ऐकावेच लागे.

औट्रम साहेबांनी ते ऐकिले. ते भिल्लांबरोबर शिकारीस जात, वाघाच्या मागावर झुडपांत पायी शिरत, आणि संकटात पुढे राहत. रात्री मात्र पहारेकऱ्यावाचून त्यांच्यातच निजत. जो आपल्या तिरकामठ्याच्या टप्प्यात उघडा निजतो तो आपणांस मारावयास आलेला नाही, हे कळण्यास भिल्लांस भाषणाची गरज पडली नाही. त्या वर्षांत त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी दोनशेहून अधिक वाघ मारिले. त्या काळी वाघ गुरे व माणसे नेत असल्यामुळे लोकांनी त्यांस दुवा दिला. आज त्याच सातपुड्यात वाघ दिसणे दुर्मिळ झाले असून त्यास राखण्याचे प्रयत्न चालले आहेत, तेव्हा ह्या आकड्याचे कौतुक आपण करू नये. कौतुक करावयाचे ते त्यांच्या निर्भय सहवासाचे.

दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाइकांचा स्नेह मिळविण्यासाठी औट्रम साहेबांनी त्यांस ब्रांडी पाजिली. स्वतः त्यांनीच हे लिहून ठेविले आहे. दारूने डोंगरातील किती संसार बुडविले ते आपल्या मंडळ्यांस ठाऊक आहे. मैत्रीच्या नावाखाली पाजिलेला प्यालाही शेवटी विषच ठरतो. म्हणून त्यांच्या रीतीतील हा भाग टाकून द्यावा व निःशस्त्र सहवास तेवढा घ्यावा.

ह्या साऱ्या खटपटीचे प्रथम फळ किती मिळाले? अवघी पाच माणसे. पाच धाडसी भिल्ल त्यांच्याबरोबर आपले नशीब जोडण्यास तयार झाले. औट्रम साहेबांनी त्या पाचांस तुच्छ मानिले नाही. उलट आता काम सिद्धीस जाईल असा त्यांस भरवसा वाटला. अदुल्लामच्या गुहेत दावीदाजवळ कोण जमले होते ते आठवा: कर्जात बुडालेले, गांजलेले व मनाने कडू झालेले लोक. त्यांच्यातूनच पुढे इस्राएलाचे शूर वीर निपजले. ज्या सुवार्तिकास वर्षभर खपून दोन-तीनच कुटुंबे मिळाली असतील त्याने ह्या पाचांचे स्मरण ठेवावे.

तरीही भय एकदम गेले नाही. आम्हांस गोळा करून एके दिवशी ठार मारणार, अशी कुजबूज रानात चाले, आणि मागचा अनुभव पाहता ती वेडगळ नव्हती. ह्या भयास औट्रम साहेबांचे उत्तर एकच होते: ते त्यांच्यातून उठून गेले नाहीत. हळूहळू पाचांचे पन्नास झाले व पन्नासांचे शेकडो. कालचे वाटमारे कवायत शिकले, पगार घेऊ लागले, आणि गावांची राखण करू लागले.

पुढे ही नवी पलटण मालेगावच्या छावणीत नेण्यात आली. तेथे औट्रम साहेबांची मूळची पलटण होती व तीत उच्च जातींचे शिपाई पुष्कळ होते. हे लोक भिल्लांस हिणवतील, शिवून घेणार नाहीत, अशी भीती होती. आणि एका अपमानाने वर्षांचे काम क्षणात मोडले असते. परंतु घडले ते उलटच. त्या शिपायांनी नव्या भिल्ल शिपायांस आपल्यात बसविले व पानसुपारी दिली. औट्रम साहेबांस ह्याचा अत्यंत आनंद झाला. लढाईत मिळालेल्या जयापेक्षा त्या पानसुपारीचे मोल अधिक होते. कारण माणसास पगार देणे सोपे आहे, शेजारी बसविणे कठीण आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, येथे आपण क्षणभर थांबून आपल्या स्वतःच्या मंडळीकडे पाहावे. डोंगरातून आलेला नवा विश्वासणारा प्रार्थनामंदिरात कोठे बसतो? दाराजवळ, की सर्वांबरोबर पुढे? प्रीतिभोजनाच्या पंगतीत त्याचे पान कोणाच्या शेजारी मांडिले जाते? ज्यांना प्रभूच्या मेजाचे नावही ठाऊक नव्हते अशा शिपायांनी मालेगावी जे केले ते प्रभूच्या मेजाभोवती जमणाऱ्यांस जमत नसेल, तर न्यायाच्या दिवशी ते शिपाई आपल्याविरुद्ध साक्षीस उभे राहतील.

औट्रम साहेब खानदेशात दहा वर्षे राहिले. १८३० मध्ये त्यांनी डांगाच्या रानात व १८३३ मध्ये बडवानीकडे मोहिमा केल्या, आणि १८३५ मध्ये त्यांची नेमणूक गुजरातेत महीकाठ्यात झाली. पुढील आयुष्य मोठ्या रणांगणांवर गेले, ते संक्षेपाने सांगतो. १८३९ मध्ये अफगाण युद्धात कलात पडल्यावर त्यांनी पठाणाचा वेष घेऊन शत्रूच्या मुलखातून घोड्यावर दौड केली व सोनमियानी बंदर गाठिले. सिंधमध्ये १८४३ च्या फेब्रुवारीत त्यांनी हैदराबादची रेसिडेन्सी थोड्या लोकांनिशी लढविली. परंतु सिंधच्या अमिरांचे राज्य हिसकावून घेणे त्यांस अन्यायाचे वाटले. त्यांस निर्भय व निष्कलंक वीर म्हणून गौरविणारे सेनापती नेपियर ह्यांच्याशीही ह्याच कारणावरून त्यांचे वितुष्ट आले. लुटीचा वाटा म्हणून त्यांस ३,००० पौंड मिळाले, तेव्हा त्यांनी त्यातील कवडीही घरी नेली नाही. ते सर्व धर्मादाय संस्थांस वाटून टाकिले, आणि त्यातील काही भाग कलकत्त्याच्या डॉक्टर अलेक्झांडर डफ ह्यांच्या मिशनशाळेस दिला. हा मनुष्य श्रीमंत नव्हता हे ध्यानात ठेवावे.

बडोद्यास रेसिडेंट असता त्यांनी लाचलुचपतीचे प्रकरण उघड केले, व त्याबद्दल मुंबई सरकारने त्यांसच दूर केले. १८५४ मध्ये ते सन्मानाने परत नेमिले गेले. मात्र सर्वच प्रसंगी ते अन्यायाच्या आड उभे राहिले असे म्हणता येत नाही. सिंधबद्दल ज्यांनी निषेध केला त्यांच्याच अहवालाच्या आधारे १८५६ मध्ये अयोध्येचे राज्य खालसा झाले. माणसाची सद्सद्विवेकबुद्धी एके ठिकाणी जागी व दुसरीकडे निजलेली असू शकते.

१८५७ च्या सप्टेंबरात लखनौच्या सुटकेसाठी फौज निघाली तेव्हा वरिष्ठ अधिकार औट्रम साहेबांचा होता. परंतु जनरल हॅवलॉक हे त्या कामासाठी आधीपासून झगडत आले होते. म्हणून औट्रम साहेबांनी सेनापतिपण त्यांजकडेच राहू दिले, आणि आपण हौशी स्वारांच्या तुकडीत घोड्यावर बसून त्यांच्या हाताखाली लढले. अधिकारावरून मंडळ्यांत जे तंटे होतात ते पाहता हा धडा आपणांस नवा नसला तरी जड आहे.

त्या सुमारास इकडे सातपुड्यात दुःखाची गोष्ट घडत होती. भीमा नाईक व खाज्या नाईक ह्यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल सरकाराविरुद्ध उठले होते. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे लढाई झाली. सरकारच्या बाजूने लढण्यात औट्रम साहेबांनी उभारलेली भिल्ल पलटणही होती. भिल्लाने भिल्लावर शस्त्र धरिले, आणि पकडलेल्यांपैकी पुष्कळांस तेथल्या तेथे गोळ्या घालण्यात आल्या. औट्रम साहेब तेथे नव्हते. परंतु प्रेमाने मिळविलेला विश्वास ज्या धन्याच्या हवाली केला त्या धन्याने तो असा वापरिला. ह्यावरून कळते की लोकांचा विश्वास संपादन करणे पुरे नाही; तो कोणाच्या नावाने संपादिला हेही पाहावे लागते. आपण ज्या धन्याच्या नावाने पाड्यात जातो तो कोणास बंधूविरुद्ध उभे करीत नाही. तथापि त्याचे नाव घेऊन आपण स्वतःचा मान, स्वतःचा पक्ष किंवा स्वतःचे पोट साधू लागलो, तर आपणही तोच दोष करितो.

१८६० मध्ये औट्रम साहेब खचलेल्या प्रकृतीने हिंदुस्थान सोडून गेले, आणि ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्स देशातील पो शहरी त्यांचा अंत झाला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी ह्या मंदिरात त्यांस मूठमाती देण्यात आली. त्यांचा घोड्यावर बसलेला पुतळा कलकत्त्यास व्हिक्टोरिया स्मारकाच्या आवारात आहे. भिल्ल पलटण पुढे पोलिसांत विलीन झाली.

औट्रम साहेबांनंतर कित्येक वर्षांनी ह्याच डोंगरांच्या पायथ्याशी मिशनरींचे व देशी उपदेशकांचे तंबू लागले. हिवाळा आला की आजही आपले सुवार्तिक पाड्यांकडे निघतात. त्यांनी ध्यानात ठेवावे की बावीस वर्षांचा एक अंमलदार, ज्याच्याजवळ पेन्शनीचे कागद व तगाईचे पैसे होते, त्यालादेखील पहिली पाच माणसे मिळाली ती कागदाने नव्हे, तर त्यांच्यात निःशस्त्र निजल्याने मिळाली. दिवसा उपदेश करून सायंकाळी परत गावी येणाऱ्यापेक्षा पाड्यात रात्र काढणारा, त्यांची भाकर खाणारा व त्यांच्या आजाऱ्याजवळ जागणारा सेवक अधिक बोलतो. आपला प्रभूही स्वर्गातून हुकूम पाठवून थांबला नाही; तो मनुष्य होऊन आमच्यात राहिला, आणि त्यासही डोके टेकावयास ठिकाण नव्हते. त्याचे सेवक म्हणविणाऱ्यांनी ह्या हंगामात निदान काही रात्री तरी डोंगरातील बंधूंच्या अंगणात काढाव्या, आणि ते रविवारी मंदिरात आले म्हणजे त्यांस आपल्या शेजारी बसवावे.