आधी मूल, मग गुण

बुद्धी मोजण्यासाठी आल्फ्रेड बिने यांनी आधी शाळकरी मुलांच्या डोक्यांची मापे घेतली. हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांत सांगण्याजोगा फरक सापडेना, तेव्हा त्यांनी तो नाद सोडला. असे सोडणे सोपे नसते.

खरे धडे त्यांना घरातच मिळाले होते. चालायला शिकताना थोरली मादलेन जवळचा आधार हेरूनच पाऊल टाकी. धाकटी आलिस मात्र बेधडक खोलीच्या मधोमध जाई. वडील हे टिपून ठेवत.

१९०४ मध्ये फ्रेंच सरकारने मागे पडणाऱ्या मुलांसाठी समिती नेमली. १९०५ मध्ये डॉ. तेओदोर सिमों यांच्यासह बिने यांनी ३० कसोट्यांची चाचणी दिली. खोली शांत हवी, मुलाचे स्वागत आपुलकीने व्हावे, बुजऱ्याला धीर द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. भीतीने गप्प बसलेले मूल मंद ठरू नये, ही त्यांची काळजी. बुद्धी शिक्षणाने वाढू शकते, असेही ते मानत.

१९११ मध्ये, ५४ व्या वर्षी ते गेले. बुद्ध्यांकाचे गणित पुढच्या वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मांडले.