वाल्डेमार हाफकिन : लस आधी स्वतःला टोचून घेणारा शास्त्रज्ञ

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव आपण सगळ्यांनी ऐकलेले असते. पण हे हाफकिन कोण होते, कुठून आले आणि त्यांचे पुढे काय झाले, याची चर्चा क्वचितच होते. लहान मुलांच्या लसीकरणासाठी वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी तरी त्यांचे आयुष्य समजून घ्यायला हवे. लस सुरक्षित आहे का, गरिबांवर प्रयोग तर होत नाही ना, ताप आला तर जबाबदार कोण, हे आज आपल्याला दारात विचारले जाणारे प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनाही विचारले गेले होते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओदेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यूंवर तिथे अनेक बंधने होती आणि त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत. 1881 च्या दंगलीत वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिलेल्या तरुणांमध्ये हाफकिन होते. ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली. प्राणिशास्त्राचे त्यांचे गुरू इल्या मेचनिकोव्ह यांच्या मदतीने ते सुटले. पुढे विद्यापीठात बढती हवी असेल तर ख्रिस्ती व्हा, अशी अट पुढे आली. त्यांनी धर्म सोडला नाही, बढतीवर पाणी सोडले. जन्मावरून दरवाजे बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

1888 मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि तिथून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे पहिल्यांदा मिळाले ते ग्रंथालयातले साहाय्यकाचे काम. उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसून त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै 1892 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. त्याची त्यांनी नोंद ठेवली.

1893 मध्ये ते भारतात आले. कोलकात्याच्या बस्त्यांमध्ये कॉलऱ्याने माणसे मरत होती, पण परक्या माणसाच्या सुईला लोक घाबरत होते. सुरुवातीला त्यांच्यावर दगडफेकही झाली. तेव्हा हाफकिन आणि त्यांच्या सोबतच्या भारतीय डॉक्टरांनी लोकांसमोर आधी स्वतःला लस टोचून घेतली, मग लोक पुढे आले. 1894 मध्ये कट्टल बागान बस्तीतील सुमारे 200 रहिवाशांपैकी 116 जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे कॉलरा झाला तो लस न घेतलेल्यांनाच.

या लसीचे दोन डोस होते. पहिला सौम्य आणि काही दिवसांनी दुसरा तीव्र. पहिल्या डोसाने शरीर तयार होते आणि दुसऱ्याने संरक्षण पक्के होते. आज बाळाला एकाच लसीसाठी पुन्हा पुन्हा का बोलावतात, असे आया विचारतात. त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर काम सुरू झाले. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तीही लोकांना द्यायच्या मात्रेपेक्षा मोठी. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 10 मार्च रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला होता आणि त्यातच त्यांना लागण झाली. लस तयार झाली होती, पण अजून गावोगाव पोहोचली नव्हती.

त्याच वर्षी पुण्यात सरकारने सैनिक घराघरात घुसवले. लोक संतापले आणि रोगी लपवू लागले. हाफकिन यांचा मार्ग वेगळा होता. लस ऐच्छिक असावी आणि माणसे समजावून तयार करावीत, असा त्यांचा आग्रह असे. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी स्वतः लस घेतली, तेव्हा त्यांच्या समाजातून हजारो लोक पुढे आले. मात्र लसीची पहिली मोठी चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाली, हेही विसरता येणार नाही. कैदी स्वेच्छेने तयार झाले अशी नोंद असली तरी कैद्याच्या होकाराला किती अर्थ असतो, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. गरिबांवर प्रयोग होतात, या संशयाला इतिहासात आधार आहे. तो हसून उडवून लावला तर लोक आपल्यापासून दूर जातात.

1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. तीन वर्षांनी संकट आले. ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली आणि त्यातील 19 जण धनुर्वाताने मेले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. खापर मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर फुटले. त्यांना पदावरून दूर केले गेले आणि ते भारत सोडून गेले. ती बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाब नंतर पुढे आली. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कुठे 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कोलकात्यात काही वर्षे काम करून ते निवृत्त झाले आणि 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. 1925 मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले होते.

ज्या धनुर्वाताने ते 19 जीव घेतले, त्यावरची लस आज प्रत्येक बाळाला सरकारी केंद्रात मोफत मिळते. जन्मताच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची लस. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच आजारांवरची एकच लस. सोबत पोलिओ आणि रोटाचे थेंब, शिवाय ठरलेल्या टप्प्यांवर न्यूमोनियाची लस. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि 16 ते 24 महिन्यांत दुसरा. त्यानंतर दीड आणि पाच वर्षांच्या सुमारास बूस्टर, 10 आणि 16 व्या वर्षी टीडी.

आपल्याकडे गळती होते ती पुढच्या डोसांना. पहिल्या डोसाला ताप आला म्हणून दुसरा टाळला जातो. बाळंतपण माहेरी झाले, मग कामासाठी बिऱ्हाड हलले आणि कार्ड गावी राहिले. 2022 च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या दाटीच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. गोवराची लस कित्येक दशकांपासून मोफत आहे, तरीही हे घडले.

म्हणून हाफकिन यांच्याकडून घ्यायचे ते काम करण्याची पद्धत. आपल्या घरातल्या मुलांचे डोस आधी पूर्ण करा, मग दुसऱ्याच्या दारात जा. ताप येऊ शकतो, सुईची जागा दुखू शकते, हे आधीच सांगा. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबायला सांगा. डोस चुकला असेल तर आईला बोलू नका. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे जाता येते. काही त्रास झाल्याची तक्रार आली तर ती दाबू नका, आशाताई आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवा आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करा. मुलकोवालमध्ये चूक एका बाटलीपुरती होती, पण खरे कारण मान्य व्हायला पाच वर्षे लागली आणि तेवढा काळ संशय सगळ्याच लसीवर राहिला.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. पाच वर्षांखालील मुलांची कार्डे मागवा, राहिलेले डोस वहीत लिहा आणि पुढच्या लसीकरण सत्राची तारीख आशाताईंकडून घेऊन प्रत्येक घरी कळवा.