स्लिप, उष्णता आणि हेरमान फ्योटिंगर

टॉर्क कन्व्हर्टरची आकृती आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी काढलेली असते. एका बाजूला इम्पेलर, दुसऱ्या बाजूला टर्बाइन, मध्ये स्टेटर, तेल कुठून कुठे जातं ते दाखवणारे चार बाण, आणि खाली फ्लुइड कपलिंगपासूनचा फरक. व्हायवाला हमखास येणारा प्रश्न! पण हे यंत्र मुळात कुणाचं, असं विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. वॅट, ऑटो, डिझेल ही नावं आपल्याला पाठ असतात. जर्मनीत मात्र कपलिंग आणि कन्व्हर्टर ही दोन्ही यंत्रं आजही ज्यांच्या नावाने ओळखली जातात, ते हेरमान फ्योटिंगर आपल्याकडे आकृतीखाली कंसातसुद्धा येत नाहीत.

फ्योटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ चा, न्यूरेंबर्गचा. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत ते शिकले, आणि गंमत म्हणजे मेकॅनिकल नव्हे तर इलेक्ट्रिकल. १८९९ मध्ये पदवी घेऊन ते श्टेटिनच्या 'व्हल्कन' या जहाज कारखान्यात लागले. (श्टेटिन म्हणजे आजच्या पोलंडमधलं श्चेचिन.) अटलांटिक ओलांडणारी मोठमोठी प्रवासी जहाजं त्या काळी व्हल्कनमध्ये बनत. तिथे तपासण्या आणि चाचण्यांचं काम या पोराकडे आलं.

त्यांचं पहिलं नाव झालं ते मोजमापासाठी. वाफेच्या इंजिनाची ताकद तेव्हा सिलिंडरला इंडिकेटर लावून काढत. पण ती सिलिंडरातली ताकद झाली. शाफ्टवर प्रत्यक्ष किती पोचते, ते कसं कळणार? शाफ्टवर लोड आला की तो किंचित पिळतो. दोन ठिकाणांमधला हा पीळ मोजला की टॉर्क मिळतो, आणि त्याला वेगाने गुणलं की खरी पॉवर. फ्योटिंगर यांनी यासाठी टॉर्शन इंडिकेटर तयार केला आणि याच विषयावर १९०४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. इंजिनाने किती दिलं आणि पलीकडे किती पोचलं, यातला फरक मोजायची सवय या माणसाला आधी लागली आणि शोध नंतर लागला.

शोधामागची अडचण अशी होती. जहाजांत स्टीम टर्बाइन येऊ लागलं होतं. टर्बाइन जोरात फिरलं तरच परवडतं. पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' बोटीचे शाफ्ट मिनिटाला सुमारे २००० फेरे घेत. मोठ्या प्रोपेलरला मात्र शंभर-दोनशे फेरेच मानवतात. त्याहून जास्त फिरवला तर पाण्यात नुसते बुडबुडे होतात. मग मध्ये गिअर घाला की! पण हजारो हॉर्सपॉवर पेलतील असे अचूक दात त्या काळी कापता येत नव्हते. शिवाय टर्बाइन उलटं फिरत नाही आणि जहाजाला तर रिव्हर्स हवाच.

इथे इलेक्ट्रिकलवाल्याचं डोकं चाललं. टर्बाइनने जनरेटर फिरवायचा आणि विजेवर मोटर चालवायची, हा पहिला विचार. पण वजन अफाट होत होतं. मग विजेऐवजी पाणी! टर्बाइनने पंप चालवायचा आणि त्या पाण्यावर प्रोपेलरचं वॉटर टर्बाइन फिरवायचं. याचंही गणित जमेना. पंप ८० टक्के आणि टर्बाइन ८० टक्के धरलं तरी गुणाकार ६४ वर येतो, आणि त्यातून पाइपमधला तोटा वेगळा. आपण असतो तर इथेच फाइल बंद केली असती. फ्योटिंगर यांनी तोटा नेमका कुठे होतो ते पाहिलं. तो मुख्यतः पाइप, वळणं आणि पंपाची गोगलगाईसारखी केसिंग यांत होता. मग त्यांनी ते सगळं काढूनच टाकलं. पंपाचं चाक आणि टर्बाइनचं चाक एकाच डब्यात समोरासमोर आणलं आणि मध्ये स्थिर पाती ठेवली. पाणी एकातून निघून थेट दुसऱ्यात जाणार. २४ जून १९०५ ला या कल्पनेचं पेटंट दाखल झालं. त्यांनी यंत्राला नाव दिलं 'ट्रान्सफॉर्मर', कारण वेग कमी आणि टॉर्क जास्त, हे व्होल्टेज आणि करंटसारखंच झालं. १९०९ मध्ये हे यंत्र बसवलेली चाचणीची बोट पाण्यात उतरली आणि कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर गेली.

पण मग उरलेले टक्के गेले कुठे? उष्णतेत. पाण्यात पाणी घुसळलं की ते तापणारच. फ्योटिंगर यांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट कामाला लावली. ट्रान्सफॉर्मरमधलं पाणी म्हणजे बॉयलरचंच फीड वॉटर ठेवायचं, म्हणजे तोट्यातली उष्णता काही प्रमाणात बॉयलरला परत मिळते. अशी वसुली आपल्याला बॅलन्सशीटमध्येच माहीत!

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हीच उष्णता पुढे ज्यांच्या नशिबी आली त्यांच्याकडे बॉयलर नव्हता. अमेरिकेत जुन्या पिकअपमागे राहायची सोय असलेला ट्रेलर जोडून फिरायला जायची रीत आहे. बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी असं अख्खं घर. वजन सहज दोन-तीन टन. पिकअपमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि त्याच्या तोंडाशी टॉर्क कन्व्हर्टर. आता साधं गणित करू. चढावर इंजिन १०० किलोवॅट देतंय आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के आहे. म्हणजे १५ किलोवॅटची उष्णता तेलात चालली. हॉस्टेलचा गिझर दोन किलोवॅटचा धरा, तर साडेसात गिझर एका डब्यात! सपाट रस्त्यावर लॉक-अप क्लच लागतो आणि स्लिप संपते. पण चढ आला, लोड वाढला की क्लच सुटतो आणि घुसळण पुन्हा सुरू.

जनरल मोटर्सचा १९८२ पासूनचा ७००-आर-४ गिअरबॉक्स घ्या. याचे रेशो ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. चौथा गिअर म्हणजे ओव्हरड्राइव्ह. रिकाम्या गाडीला पेट्रोल वाचवायला छान. मागे ट्रेलर असला की चौथ्यात इंजिनाचा दम पुरत नाही. गिअरबॉक्स तिसऱ्यात येतो, पुन्हा चौथ्यात जातो, आणि दर वेळी क्लचप्लेट घासतात. म्हणून जाणकार लिव्हर एक घर खाली घेऊन तिसऱ्यातच गाडी ओढतात. मोठ्या चढावर दुसरा, आणि वेग कमी. इंजिन ओरडलं तरी चालेल, पण तेल तापता कामा नये. रेडिएटरसमोर जादा ऑइल कूलर बसवतात आणि तेलाच्या तापमानाचा गेज लावतात. ८०-९० अंश सेल्सिअस ठीक. त्याच्या फार वर गेलं की तेल काळपट होतं, करपल्याचा वास येतो, सील कडक होतात, आणि जुन्या गाडीत ते आधीच अर्धे कडक झालेले असतात. तेलसुद्धा नेहमीच्या आधी बदलावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या आकृतीशेजारच्या ग्राफमध्ये असते पण लक्षात राहत नाही. टर्बाइन थांबलेलं असताना टॉर्क सर्वांत जास्त असतो आणि कार्यक्षमता शून्य. शून्य! म्हणजे इंजिनाने कन्व्हर्टरला दिलेलं सगळंच्या सगळं तेल तापवण्यात जातं. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारा माणूस नेमकं हेच करत असतो. तेल तापलंच तर गाडी बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये टाकतात, म्हणजे पंप कूलरमधून तेल फिरवत राहतो. पार्कमध्ये का नाही? कारण काही जुन्या डॉज गाड्यांत पार्कमध्ये कन्व्हर्टरला तेलच जात नाही. असो. परत जहाजावर येऊ.

१९१३ मध्ये 'क्योनिगिन लुईझ' हे प्रवासी जहाज फ्योटिंगर ट्रान्सफॉर्मर लावून हॅम्बर्ग-हेलिगोलंड मार्गावर आलं. वर्षभरातच महायुद्ध सुरू झालं. या जहाजावर घाईने समुद्री सुरुंग चढवून ते इंग्लंडच्या किनाऱ्याकडे पाठवलं गेलं आणि ५ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटिश युद्धनौकांनी ते बुडवलं. त्या युद्धात जर्मन नौदलाने गमावलेलं ते पहिलं जहाज. तोवर गिअर कापायचं तंत्रही सुधारलं होतं. पार्सन्स यांनी १९०९-१० मध्ये 'व्हेस्पेशियन' या मालवाहू बोटीवर गिअर लावून दाखवला होता. गिअर ९७-९८ टक्के देत असेल तर ८०-९० टक्के कोण घेणार? ज्या कामासाठी शोध लागला त्याच कामातून तो बाद झाला.

फ्योटिंगर स्वतः १९०९ मध्येच डान्झिगला प्राध्यापक झाले होते. तिथे प्रोपेलर, भोवरे, प्रवाह यांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. १९२४ पासून ते बर्लिनला होते. शंभरावर पेटंट त्यांच्या नावावर जमा झाली.

त्यांच्या यंत्राला नवं घर मिळालं ते रस्त्यावर. स्थिर पाती काढून टाकली तर टॉर्क वाढत नाही, पण मऊ कपलिंग मिळतं. ते १९३० मध्ये इंग्लंडच्या डेमलर गाड्यांत आलं. स्टेटरला एकाच दिशेने फिरणारा क्लच लावला की एकच यंत्र सुरुवातीला कन्व्हर्टर आणि नंतर कपलिंग होतं. ही 'ट्रिलोक' कल्पना त्याच सुमाराला जर्मनीत निघाली, आणि आज आपण काढतो ती आकृती हीच. जहाजावर जी स्लिप नुकसान होती, ती गाडी जागेवरून हलवताना सोय ठरली. ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलला हायड्रा-मॅटिक हा कपलिंगवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. टॉर्क कन्व्हर्टरवाली ब्यूइक डायनाफ्लो १९४८ मध्ये आली. ती बघायला फ्योटिंगर नव्हते.

हायड्रा-मॅटिक मात्र त्यांच्या हयातीतच जर्मनीत पोचला होता, पण शत्रूच्या रणगाड्यांतून. अमेरिकेच्या एम-५ आणि एम-२४ या हलक्या रणगाड्यांत तो बसवलेला होता. बर्लिनवर मात्र पूर्वेकडून सोव्हिएत फौजा चालून आल्या. २८ एप्रिल १९४५ ला, शहर पडायच्या चार दिवस आधी, तोफगोळ्याचा तुकडा लागून फ्योटिंगर बर्लिनमध्येच गेले. वय ६८. त्याच वर्षी श्टेटिन आणि डान्झिग, म्हणजे त्यांचा कारखाना आणि त्यांचं पहिलं कॉलेज, ही दोन्ही शहरं पोलंडकडे गेली.