कर्मवीर भाऊराव पाटील

ज्या घरात दिवा नाही त्या घरातील मुलाने अभ्यास कोठे करावा, आणि ज्या घरात दोन वेळच्या भाकरीची शाश्वती नाही त्या घरातील मुलास शाळेत कोणी धाडावे, हा प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांपुढे पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. त्याविषयी हळहळणारे पुष्कळ झाले. परंतु तो सोडविण्यासाठी स्वतःचा संसार पणास लावणारे थोडे. कर्मवीर भाऊराव पाटील हे त्या थोड्यांपैकी एक होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी, आजोळी झाला. त्यांचे घराणे जैन असून मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील होय. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते. आईचे नाव गंगाबाई. इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात दाखल झाले व तेथील जैन बोर्डिंगात राहू लागले. १९०८ साली अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटन समारंभास ते गेले असता, परत आल्यावर स्नान करून मगच भोजनास बसावे, अशी त्यांस आज्ञा झाली. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो ही गोष्ट त्यांच्या मनास मुळीच पटेना. त्यांनी स्नान करण्याचे नाकारले व त्यापायी त्यांस बोर्डिंग सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू छत्रपतींच्या सहवासाचा लाभ त्यांस झाला. नाना जातींच्या मुलांसाठी महाराजांनी कोल्हापुरात उघडलेली वसतिगृहे त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि पुढील कार्याचे बीज तेथेच त्यांच्या अंतःकरणात रुजले.

इंग्रजी सहाव्या इयत्तेपुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. साताऱ्यास त्यांनी खाजगी शिकवण्या चालविल्या, तेव्हा लोक त्यांस पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. १९१४ साली एका खटल्यात खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी त्यांचा अनन्वित छळ केला. पण ते असत्य बोलले नाहीत. त्यानंतर काही वर्षे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा प्रसार करीत ते गावोगाव हिंडले. या भ्रमंतीने त्यांस नुसती मिळकतच दिली असे नव्हे. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याची दैन्यावस्था त्यांनी जवळून पाहिली, आणि नवा नांगर घेणाऱ्या त्याच शेतकऱ्याचा मुलगा अक्षरशत्रूच राहतो, ही खंत त्यांच्या मनात घर करून बसली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या सुमुहूर्तावर, कऱ्हाडनजीकच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. संस्थेजवळ ना इमारत होती, ना ठेव. तिचे बोधचिन्ह मात्र वटवृक्षाचे होते. पारंब्या जमिनीत रुजून एका वृक्षाचे वन व्हावे, हा त्यातील भाव. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

परंतु थोरामोठ्यांच्या आशीर्वादाने मुलांची पोटे भरत नाहीत. वसतिगृहात मुले वाढू लागली, आणि रोज उजाडताच आज चूल कशी पेटणार हा प्रश्न पुढे उभा राही. या प्रसंगी खऱ्या कसोटीस उतरल्या त्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. जुन्या वळणाच्या, सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या. सर्व जातींच्या मुलांस आपल्या चुलीशी घेणे त्यांस प्रथम जड गेले असल्यास नवल नाही. पण एकदा ही मुले आपली मानल्यावर त्यांनी भेदभाव जाणला नाही. स्वतः स्वयंपाक करून त्या मुलांस जेवू घालीत, दुखण्याखुपण्यात त्यांच्या उशाशी बसत. धान्य सरले की अंगावरील एकेक दागिना मोडला जाई. अखेर एके दिवशी घरात दाणा उरला नाही आणि अंगावर सौभाग्याच्या लेण्याखेरीज काही उरले नाही. तेव्हा त्या माउलीने मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी दिले. हिंदू स्त्रीच्या दृष्टीने या त्यागाचे मोल काय, हे आपल्या घरातील आयाबहिणींस विचारावे. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. संस्थेची पुढील भरभराट पाहण्याचे भाग्य त्यांस लाभले नाही.

संस्था दानावर चाले, तरी मुलांस दानाची सवय लागू नये, याविषयी भाऊराव फार दक्ष असत. फुकटचे अन्न मनुष्यास मिंधे करते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून वसतिगृहातील मुले दळण दळीत, पाणी भरीत, स्वयंपाकास हात लावीत, शेतात राबत, इमारतीच्या बांधकामावर दगडमाती वाहत, आणि मग पुस्तक हाती घेत. कमवावे आणि शिकावे ही रीत त्यांनी घालून दिली. १९४० साली साताऱ्यास निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल हेही याच तत्त्वावर उभारले गेले.

खेड्यातील शाळेस खेड्याची नाडी ओळखणारा शिक्षक हवा, हे जाणून त्यांनी १९३५ साली साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज काढले. तेथून तयार झालेले तरुण शिक्षक, जेथे धड रस्ताही जात नव्हता अशा वाड्यावस्त्यांवर गेले. कोठे देवळात, कोठे धर्मशाळेत, कोठे एखाद्याच्या पडवीत वर्ग भरू लागले. पाहता पाहता अशा पाचशेंहून अधिक व्हॉलंटरी शाळा संस्थेने चालविल्या. लहानशा संस्थेने गावास शाळा द्यावी आणि गावाने ती आपली मानून जगवावी, असा हा परस्परांचा व्यवहार होता. श्रीमंतांच्या देणग्यांप्रमाणेच सुगीच्या दिवसांत गोरगरिबांनी घातलेले धान्यही या कार्याच्या कामी आले.

१९४८ साली महात्माजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. याच सुमारास सरकारवर केलेल्या परखड टीकेमुळे संस्थेचे सरकारी अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांचे वेतन व हजारो मुलांचे शिक्षण यांवर गदा आली. भाऊराव डगमगले नाहीत. त्यांनी आपला प्रश्न रयतेपुढे मांडला, रयतेनेही ओंजळ आखडली नाही, आणि पुढे अनुदानही पूर्ववत सुरू झाले.

१९५९ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले व पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी अर्पण केली. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या पुरुषाचा विद्यापीठाने केलेला हा गौरव यथार्थच होता. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्या समयी संस्थेची हायस्कुले शंभरावर गेली होती व तीन कॉलेजे चालू होती. साताऱ्यास त्यांची समाधी आहे, आणि काले गावी लाविलेल्या त्या वटवृक्षाच्या पारंब्या आज महाराष्ट्रात दूरवर रुजल्या आहेत.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे अशाच एखाद्या पडवीतील शाळेत पहिले अक्षर गिरवून गेले असतील. आपण शाळेत येतो तेव्हा आपला डबा कोणीतरी भरलेला असतो, फी कोणीतरी भरलेली असते, म्हणून त्यामागील कष्ट आपणांस दिसत नाहीत. साताऱ्याच्या त्या वसतिगृहातील मुलांस ते दिसत होते. कारण जात्याचा खुंटा त्यांच्याच हाती होता, आणि आपल्या ताटातील भाकर कोणाच्या दागिन्यातून आली हे त्यांस ठाऊक होते. आपल्या ताटाशी बसताना आपणही एवढे आठवले, तर भाऊराव व लक्ष्मीबाई या उभयतांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.