सोळा पोरांचा बाप तळघरात चॉकलेट बनवायला बसला, आणि शेंगदाण्याची जोडी जमली

दिवाळी जवळ आली की पिंपळगाव बसवंतसारख्या गावांतही आता घरगुती चॉकलेटचे डबे दिसतात. चकली-करंजीच्या ताटाशेजारी चकचकीत कागदात गुंडाळलेले छोटे तुकडे. कुणी आत काजू घालतं, कुणी गुलकंद. हल्ली पीनट बटरही घातलं जातं. एका घासात संपणारी कागदी वाटीतली ही मिठाई बाहेरून चॉकलेटची असते आणि आतून किंचित खारट शेंगदाण्याची.

हा प्रकार मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्माला आला असेल असं वाटतं. पण तो जगभर नेणाऱ्या माणसाची सुरुवातही घरातूनच झाली होती. घर भाड्याचं की स्वतःचं ही चिंता डोक्यावर होतीच, शिवाय खाणारी तोंडं कमी नव्हती. त्याला एकूण १६ मुलं झाली. हॅरी बर्नेट रीस हे त्याचं नाव. 'रीसेस पीनट बटर कप' या पाकिटावर ते आजही आहे.

शेतकऱ्याचा मुलगा, पण शेतीत मन लागेना

रीस यांचा जन्म २४ मे १८७९ चा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात यॉर्क काउंटी नावाचा भाग आहे, तिथल्या शेतकरी कुटुंबातला. १९०० साली त्यांचं ब्लँच हायसन यांच्याशी लग्न झालं. पुढची सतरा-अठरा वर्षं त्यांनी काय केलं हे सांगायचं तर यादीच द्यावी लागेल. शेती केली, कारखान्यात राबले, मिळेल ते काम केलं. एक धंदा धरायचा, तो बसायचा, मग दुसरा. घरात पाळणा मात्र हलतच होता.

१९१७ साली त्यांना एक नोकरी मिळाली. वय ३८. काम होतं दुग्धशाळा सांभाळायचं आणि मालक होते मिल्टन हर्शी.

इथं हर्शी यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. या माणसानं १९०० साली स्वस्त मिल्क चॉकलेटची वडी बाजारात आणली आणि चॉकलेट श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून साध्या कामगाराच्या खिशात पोहोचवलं. मग कुरणांच्या मधोमध कारखाना काढला आणि त्याच्याभोवती गावच वसवलं. गावाचं नावही हर्शी. मुख्य रस्ता चॉकलेट अ‍ॅव्हेन्यू, त्याला छेदणारा कोको अ‍ॅव्हेन्यू. मिल्क चॉकलेट म्हटलं की दूध लागणार, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या गोठ्यांचं जाळं होतं. त्यातल्याच एका गोठ्यावर रीस रुजू झाले.

तो गोठा साधा नव्हता. गोलाकार, नव्या पद्धतीचा, प्रयोग म्हणून बांधलेला. पण प्रयोग महागात पडला आणि थोड्याच काळात कंपनीनं तो बंद केला. रीस पुन्हा बेकार.

नोकरी गेली, पण दोन वर्षांत त्यांनी एक गोष्ट जवळून पाहिली होती. दूध, साखर आणि कोको यांच्यावर एक अख्खं गाव जेवत होतं. मग आपलं एक घर का जेवणार नाही?

तळघरातली भट्टी

पहिला प्रयत्न शेजारच्या हमेल्सटाउन गावात झाला. बदाम आणि बेदाण्यांवर चॉकलेटचा थर देऊन विकायचा धंदा. तो टिकला नाही. घर चालवण्यासाठी रीस पुन्हा हर्शी कंपनीत कामाला लागले, या वेळी थेट चॉकलेटच्या कारखान्यात. दिवसा मालकाचं चॉकलेट, उरलेल्या वेळात घराच्या तळघरात स्वतःची मिठाई, असा क्रम सुरू झाला.

तळघरात बनलेल्या मिठायांपैकी दोन जरा चालल्या. एकीचं नाव 'जॉनी बार', दुसरीचं 'लिझी बार'. ही त्यांच्या मुलांचीच नावं. माल घरचा, मजूर घरचे आणि नावंही घरचीच. अशा गोष्टींत मालकाच्या जिद्दीचं कौतुक होतं, पण १६ बाळंतपणं आणि त्या घराचा रगाडा ब्लँच यांनी सांभाळला नसता तर तळघरातली भट्टी एक महिनाही पेटली नसती. त्यांचं नाव मात्र ना कंपनीला लागलं, ना कुठल्या वडीला.

१९२३ साली रीस यांनी कंपनीची रीतसर नोंदणी केली आणि १९२६ मध्ये हर्शी गावातच, कॅराकस अ‍ॅव्हेन्यूवर, स्वतःचा कारखाना बांधला. म्हणजे ज्या मालकाकडे कालपर्यंत पगार घेतला, त्याच्याच गावात दुकान मांडलं.

यावर भांडण होईल असं वाटेल. झालं नाही, आणि त्याचं कारण व्यवहारात आहे. रीस चॉकलेट स्वतः बनवत नव्हते. वरच्या थराचं सगळं चॉकलेट ते हर्शीकडूनच विकत घेत. रीस यांचा माल जितका खपेल तितकं हर्शीचं चॉकलेट खपणार. स्पर्धक आणि गिऱ्हाईक एकाच माणसात सापडलं तर शहाणा व्यापारी त्याला हाकलत नाही. पण याची दुसरी बाजूही होती. रीस यांचा कच्चा माल एकाच पुरवठादाराच्या हाती होता. एकाच व्यापाऱ्याशी बांधलेल्या बागायतदाराला ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही.

पीनट बटर कुणाचं?

मराठी वाचकाला शेंगदाणा आणि अमेरिका म्हटलं की एकच नाव आठवतं, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकानं हे नाव घराघरांत नेलं. त्यामुळे पीनट बटरही कार्व्हर यांनीच शोधलं असा समज आहे. तसं नाही. भाजलेल्या शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट १८८४ मध्येच माँट्रियलच्या मार्सेलस एडसन यांनी घेतलं होतं. १८९०च्या दशकात कॉर्नफ्लेक्सवाले जॉन केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी असाच लगदा बनवला. कार्व्हर यांचं शेंगदाण्याच्या १०५ पाककृतींचं प्रसिद्ध पत्रक आलं १९१६ मध्ये. तोवर पीनट बटर दुकानांत पोहोचलं होतं. कार्व्हर यांचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. कापसानं झिजलेल्या जमिनीत शेंगदाणा लावा आणि तो घरात खा, हे त्यांनी गरीब शेतकऱ्याला पटवलं.

तेव्हा रीस यांनी पीनट बटरही शोधलं नाही आणि चॉकलेटही नाही. दोन्ही एकत्र आणणारेही ते पहिले नव्हते. शेंगदाणा घातलेल्या चॉकलेटच्या वड्या त्यांच्या आधीपासून बाजारात होत्या. मग त्यांनी केलं काय?

१९२८ साली त्यांनी कागदी वाटीत चॉकलेट, त्यात पीनट बटरचं सारण आणि वर पुन्हा चॉकलेट असा छोटा पदार्थ केला. हॅरिसबर्गच्या एका दुकानदारानं असा माल दुसरीकडून वेळेवर मिळत नसल्याची तक्रार केली आणि त्यातून ही कल्पना निघाली, अशी कथा सांगितली जाते. सुरुवातीला या वाट्यांना स्वतंत्र मानही नव्हता. पाच पौंडांच्या, म्हणजे सव्वादोन किलोच्या, मिश्र मिठाईच्या खोक्यात इतर प्रकारांबरोबर त्या जात. लोक खोक्यातून नेमकी तीच वाटी उचलू लागले, तेव्हा ती सुटी विकायची ठरली. किंमत एक सेंट.

ही जोडी जमते कशामुळे?

शेंगदाण्याचा लाडू खाल्लेल्या माणसाला याचं अर्धं उत्तर माहीत आहे. भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा आणि गोडवा एकत्र आले की हात थांबत नाही. गुळाच्या जागी चॉकलेट घाला, सारणात चिमूटभर मीठ टाका, झाली रीस यांची वाटी. मीठ इथं महत्त्वाचं. त्यामुळे चॉकलेटचा गोडपणा अंगावर येत नाही.

दुसरं कारण तोंडात घडतं. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तोंडाचं तापमान ३७च्या आसपास असतं. म्हणून कडक थर जिभेवर विरघळतो आणि आतला कोरडसर, रवाळ लगदा मागे राहतो. एकाच घासात दोन वेगळे अनुभव.

घरी करताना नेमकं याच ठिकाणी बिघडतं. शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं. सारण सैल असेल तर ते तेल हळूहळू चॉकलेटमध्ये शिरतं, थर मऊ पडतो आणि वर पांढुरका थर येतो. ती बुरशी नव्हे, वर आलेली चरबी असते. यावर उपाय सोपा आहे. एक वाटी भाजून सोललेले दाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत, तेल सुटेपर्यंत फिरवायचे. मग त्यात तीन-चार चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालायचं. लाडवासारखा गोळा वळता आला की सारण तयार. चॉकलेट गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं, पण त्यात पाण्याचा एक थेंबही जाऊ द्यायचा नाही. गेला तर चॉकलेट आळून रवाळ गोळा होतो. कागदी वाटीत आधी एक चमचा चॉकलेट घालून ते सेट होऊ द्यायचं, मग चपटी केलेली सारणाची गोळी ठेवायची आणि वरून पुन्हा चॉकलेट.

बाजारात मिळणारं कंपाउंड चॉकलेट या कामाला सोपं पडतं, कारण त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते. ते उन्हाळ्यातही जरा तग धरतं. चव मात्र तेवढी नाही. खरं चॉकलेट वापरायचं असेल तर ऋतू बघावा. एप्रिल-मे महिन्यात पिंपळगावात फ्रिजशिवाय हा उद्योग करू नये. डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्याचा पारा राज्यात सगळ्यात खाली जातो, द्राक्षबागायतदाराची झोप उडते, बागेत शेकोट्या पेटतात. त्याच रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेलं चॉकलेट मात्र छान घट्ट होतं.

मंदी, मग युद्ध

रीस यांची वाटी बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, अमेरिकेत महामंदी आली. कारखान्यावर कर्ज होतं. पण एक सेंटला मिळणारी गोष्ट मंदीतही विकली जाते, किंबहुना मंदीतच जास्त विकली जाते. १९३०च्या दशकात रीस यांनी कर्जाचा भार उतरवला. म्हणजे वयाच्या पन्नाशीनंतर पहिल्यांदा त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार नव्हती.

तोच दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४२ पासून अमेरिकेत साखरेचं रेशनिंग आलं. मिठाईवाल्यांचे धाबे दणाणले. रीस यांच्याकडे तेव्हा बरेच प्रकार बनत होते आणि सगळ्यांना पुरेल एवढी साखर मिळणं शक्य नव्हतं. त्यांनी बाकीचे प्रकार बंद केले आणि फक्त पीनट बटरची वाटी ठेवली. सारणात शेंगदाणाच जास्त असल्यानं तिला साखर कमी लागत होती, आणि शेंगदाण्याचा तुटवडा नव्हता.

मुलीच्या नावाची मिठाई बंद करणं बापाला जड गेलं असेल की नाही, कोण जाणे. हिशेब मात्र बरोबर निघाला. एकाच पदार्थावर सगळी ताकद लावल्यामुळे तो पदार्थ म्हणजेच कंपनी, असं समीकरण झालं. पुढे जे यश आलं ते नव्या शोधाचं कमी आणि नाइलाजानं केलेल्या या निवडीचं जास्त होतं, असंच म्हणावं लागेल.

शेवटी हर्शीकडेच

१६ मे १९५६ रोजी फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीच इथं रीस यांचं निधन झालं. ७७वा वाढदिवस आठ दिवसांवर होता. कंपनी त्यांच्या सहा मुलग्यांकडे गेली. त्यांनी गावात आणखी मोठा कारखाना उभारला. धंदा वाढत होता, पण चॉकलेट अजूनही हर्शीकडूनच येत होतं.

२ जुलै १९६३ ला रीस कंपनी हर्शीमध्ये विलीन झाली. मोबदला म्हणून सहा भावांना हर्शीचे ६,६६,३१६ शेअर मिळाले. तेव्हा त्यांची किंमत दोन कोटी डॉलरपेक्षा जास्त होती. मिल्टन हर्शी हे पाहायला नव्हते, त्यांचं निधन १९४५ मध्येच झालं होतं. त्यांच्या गोठ्यावरून ज्याची नोकरी गेली, त्याचा पदार्थ विलीनीकरणानंतर काही वर्षांतच हर्शी कंपनीचा सर्वाधिक खपाचा पदार्थ बनला.