रिकाम्या हाताचे गुरुजी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर स्त्रीचे वा पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपविले, तेव्हा मी सुचविलेले नाव ऐकून सगळ्याजणी हसल्या. गिचिन फुनाकोशी! हे गृहस्थ कोण, आणि चिंचवडच्या बायकांचा त्यांच्याशी काय संबंध? तो संबंध आधी सांगते.

माझी सून चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. दुसरी पाळी सुटून घरी पोचेपर्यंत तिला मध्यरात्र होते. दोन वर्षांपूर्वी तिने माझ्या नातीचे नाव कराटेच्या वर्गात घातले, ते मला मुळीच रुचले नाही. मुलीच्या जातीला मारामारी हवी कशाला, अंगात भांडखोरपणा मात्र शिरेल, असे म्हणून मी पंधरा दिवस सुनेशी धड बोलले नाही. एके संध्याकाळी नातीला आणायला गेले, तो सारी मुले भिंतीवरच्या एका म्हाताऱ्याच्या तसबिरीपुढे वाकून नमस्कार करीत होती. चेहरा अगदी जुन्या काळच्या मास्तरांसारखा. चौकशी केली, तर ते खरोखरच शाळामास्तर निघाले! मग त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले.

जपानच्या दक्षिणेस ओकिनावा नावाचे बेट आहे. तेथे पूर्वी निराळे राज्य होते आणि त्याचा चीनशी मोठा व्यापार चाले. १६०९ साली जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते जिंकले, आणि १८७९ साली राजाला गादीवरून उतरवून जपानने ते आपल्यात सामील करून घेतले. हातपाय हेच शस्त्र मानणारी एक विद्या या बेटावर गुपचूप शिकविली जाई. तेथील शुरी या राजधानीच्या गावी १८६८ साली गिचिन यांचा जन्म झाला. अपुऱ्या दिवसांचे, अशक्त मूल. ते जगते की नाही याचीच घरच्यांना धास्ती. ते आजोळी वाढले. शाळासोबत्याचे वडील आझातो या विद्येतले मोठे जाणकार होते. त्यांच्याकडे गिचिन अंधाऱ्या रात्री कंदील घेऊन जात, आणि शेजारीपाजारी भलताच संशय घेत. गुरुजी मोठे कडक. ठरावीक हालचालींच्या मालिकेला तिकडे काता म्हणतात. तसल्या तीन काता घटविण्यात गिचिन यांची दहा वर्षे गेली! पण मुलाची प्रकृती मात्र ठणठणीत झाली.

त्यांना वैद्यकीचे शिक्षण घ्यावयाचे होते. पण डोक्यावर जुन्या रिवाजाचा केसांचा बुचडा असलेल्यांना तेथे प्रवेश नव्हता, आणि तो कापण्यास घरच्यांची संमती नव्हती. वैद्यकी राहिली. पुढे १८८८ साली प्राथमिक शाळेत मास्तरकी पत्करताना बुचडा कापावाच लागला. आईवडिलांना ते कळले तेव्हा घरात केवढा गहजब झाला असेल, हे आपल्याकडच्या शेंडीच्या आणि केशवपनाच्या गोष्टी ऐकलेल्यांना सांगावयास नको.

पगार तुटपुंजा, घरात माणसे पुष्कळ. हा संसार त्यांच्या पत्नीने ओढला. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती मागावर कापड विणी, दूरच्या मळ्यात भाजी पिकवी, आणि नवऱ्याच्या रात्रीच्या तालमीबद्दल तिने कधी कुरकुर केली नाही. उलट पाहून पाहून तीही ती विद्या शिकली. काम करून अंग आंबले की ती अंगणात काता करी, आणि शेजारच्या दारुड्यांची भांडणेही गोड शब्दांनी मिटवी. हे वाचले आणि मला माझे लहानपण आठवले. आमच्या गावच्या तालमीचा उंबरठा आम्हा मुलींना ओलांडता येत नसे. भाऊ जोर-बैठका काढीत आणि आम्ही बाहेर दुधाचा तांब्या घेऊन उभ्या.

१९२२ साली, पन्नाशी उलटल्यावर, फुनाकोशी टोकियोच्या एका प्रदर्शनात ही विद्या दाखवावयास गेले आणि लोकाग्रहास्तव तेथेच राहिले. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांनी झाडलोट केली, बागकाम केले, पहारा केला आणि उरल्या वेळात शिकविले. एकदा पैशांची इतकी ओढ लागली, की जुनी टोपी आणि हातमागाचा किमोनो त्यांनी गहाण ठेवला. पूर्वी कराटे या शब्दाचा अर्थ चिनी हात असा होता. उच्चार तोच ठेवून त्यांनी लिहिण्यातले अक्षर बदलले आणि अर्थ केला रिकामा हात. ज्या हातात शस्त्र नाही आणि ज्या मनात द्वेष नाही, तो. पहिला वार आपला नसावा, ही त्यांची मुख्य शिकवण. माझ्या नातीची पहिली कातासुद्धा वार अडविण्यापासूनच सुरू होते.

पत्नी मात्र पूर्वजांच्या थडग्यांची सेवा सोडून टोकियोस गेली नाही. वीस वर्षांहून अधिक काळ दोघे दोन ठिकाणी राहिली. १९४५ साली बाँबवर्षावात शिष्यांनी वर्गणी काढून बांधलेली त्यांची शाळा जळाली. त्याच वर्षी त्यांचा मुलगा, त्यांचा उजवा हातच, क्षयाने गेला. युद्धात ओकिनावा उद्ध्वस्त झाले आणि पत्नी निर्वासित होऊन क्युशू बेटावर आली. तेथे अखेर दोघांची गाठ पडली. पण १९४७ साली तीही गेली. ते एकटे टोकियोकडे निघाले, तेव्हा वाटेतल्या स्टेशनांवर जुने शिष्य सांत्वनासाठी उभे होते. २६ एप्रिल १९५७ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी गुरुजी निवर्तले.

भगिनींनो, तसबीर त्यांची लागते. तिची कोठे पाहिली नाही. पण मागावर बसलेली ती बाई नसती, तर त्या मास्तरांना रात्री कंदील घेऊन बाहेर पडता आले असते काय? माझ्या सुनेने पाळीच्या पगारातून नातीची फी भरली, हे मला तेव्हा कुठे नीट दिसले. मी तिच्याशी बोलू लागले, एवढेच नव्हे, तर आता नातीला वर्गाला सोडायला मीच जाते.

आपल्या मंडळाचे सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी रिकामे असते. वस्तीतल्या मुलींसाठी ते उघडावे, अशी सूचना मी येत्या सभेत मांडणार आहे. सतरंज्या उचलायला मी येईन.